नारिंगाला ताण

चैत्र सरत आला, दुपारी गॅलरीतल्या फरश्या अनवाणी पायांना चटके देऊ लागल्या, की माझी एक विचित्र अवस्था होते. पेपर उत्तम गेले आहेत आणि निकाल उद्यावर आला आहे, अशा विद्यार्थ्यासारखा मी घरभर फिरू लागतो. वय पन्नाशी ओलांडून बरेच पुढे आलेले, निकाल लागावा अशी एकही परीक्षा आता उरलेली नाही; तरी पावले सारखी गॅलरीकडे वळतात. पत्नी विचारते, काय शोधताय? मी म्हणतो, काही नाही. ते खरे नसते. मी कळी शोधत असतो. गॅलरीत आज एका तुळशीखेरीज कुंडी नाही, आणि ज्या झाडाची कळी मी शोधतो ते झाड केव्हाच गेले, हे ठाऊक असूनही शोधत असतो.

इतरांचा उन्हाळा आंब्यांचा असतो, सुट्टीचा असतो, पाहुण्यांचा असतो. माझा उन्हाळा एका हातभर उंचीच्या कडू नारिंगाचा आहे.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावल्यावर थोडा वेळ डोळे मिटून दिवसाचा झाडा घेण्याची मला तरुणपणापासून सवय आहे. त्या झाड्यात माझ्या बाजूने सांगण्यासारखे फारसे निघत नाही. कुणाशी तुटक बोललो, कुणाचे पुरते ऐकून घेतले नाही, जिथे आवाज चढवायला हवा होता तिथे पुटपुटलो. स्वतःला असा जाब विचारता विचारता माणूस आपल्या आनंदालाही संशयितासारखा वागवू लागतो. हा आनंद माझ्याच वाट्याचा होता ना, की कुणाच्या ताटातला उचलला, असे विचारू लागतो. त्या उन्हाळ्याचा आनंद मात्र मी कितीतरी वेळा उलटसुलट करून पाहिला आहे. प्रत्येक वेळी तो नुकत्या खुडलेल्या पानासारखा ताजा निघतो, आणि बोटांना वास लावून जातो.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरचा तो काळ. गिरण्यांचा संप कुणी जिंकला नव्हता. तो नुसता विरून गेला होता. आप्पा, म्हणजे माझे वडील, साचेवाले. साचा म्हणजे कापड विणायचे यंत्र, आणि साचेवाला म्हणजे त्या यंत्रापुढे उभा राहून सुतावर डोळा ठेवणारा विणकर. मिसरूड फुटायच्या आत कोकणातून आलेला हा माणूस साच्यांच्या खडखडाटात मोठा झाला, केस पिकू लागले, आणि मग एके दिवशी साचा थांबला. दरवाजे पुन्हा उघडले तेव्हा आप्पांना आत घेतले नाही. मला त्याच सुमारास अंधेरीला एका कचेरीत नोकरी लागली. परळची खोली देऊन टाकून आम्ही बोरीवलीला, पूर्वेच्या बाजूला, जिथे इमारती संपून जंगलाची कड सुरू होते, तिथल्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो. मी, आई आणि आप्पा.

जागा चांगली होती. हवा खेळती, गॅलरीला सकाळचे ऊन, समोर डोंगराच्या अंगावर पेटलेला पळस. आईला ती लगेच मानवली. आप्पांना मानवली नाही. तिथे आवाज नव्हता. साच्यांवरून एकमेकांना हाका मारायची सवय असलेला त्यांचा आवाज त्या शांत जिन्यात फार मोठा वाटे. पहिल्याच आठवड्यात, ते बोलत असताना समोरच्या बिऱ्हाडाने हळूच दार लोटून घेतलेले त्यांनी पाहिले, आणि त्यानंतर ते बोलायचेच कमी झाले. गॅलरीत खुर्ची टाकून बसत. हात मांडीवर पालथे. ते हात मला पाहवत नसत.

फाल्गुनातल्या एका सकाळी चहा पिता पिता त्यांनी सांगून टाकले, "मिरगाक मी गावाक जातंय. परत येवचंय नाय."

मृग लागला की कोकणात भाताची पेरणी सुरू होते. गावी जायला याहून चांगला मुहूर्त नाही. आणि गावी जाण्यात वाईट तरी काय होते? पण शेत धाकटे काका कसत होते, घर त्यांनीच शाकारून उभे ठेवले होते. आप्पा तिथे पाहुणे म्हणून जाणार होते, आणि पाहुण्याला पेरणीच्या दिवसांत कुणी नांगर हाती देत नाही. माझी भीती वेगळी होती. त्यांच्या जाण्याची नव्हे, ज्या चेहऱ्याने ते जाणार होते त्या चेहऱ्याची. शहराने ज्याला "तू आता नको" म्हटले आणि ज्याने ते मान्य केले, असा तो चेहरा. तो घेऊन हा माणूस एकदा एसटीत चढला, तर पुन्हा कधी आपल्याला सापडणार नाही, असे मला आतून वाटत होते. मृगापर्यंत काहीतरी घडायला हवे होते. काय, ते मला ठाऊक नव्हते.

म्हणून एका रविवारी काहीतरी निमित्त काढून मी त्यांना बसने दिंडोशीकडे घेऊन गेलो. हमरस्त्यालगत एक नर्सरी होती. तिथे हिंडता येई, आणि हिंडायला कुणी हरकत घेत नसे. आप्पा माझ्यामागून निरिच्छपणे चालत होते. क्रोटन, गुलाब, मनीप्लँट, सगळ्यांवरून त्यांची नजर पाण्यासारखी वाहून गेली. मग ते थबकले.

"नारिंग," ते म्हणाले.

त्यांच्या गावच्या विहिरीवर एक नारिंग होते, काटेरी, घरापेक्षा उंच. तळलेल्या मासळीवर त्याची फोड पिळत, आणि पिळून उरलेल्या सालीने तांब्याची घागर अशी लखलखीत घासत की तोंड दिसे. मुले पैज लावून त्याची फोड चोखत. आधी आंबट, आणि मग जिभेच्या मुळाशी जाऊन बसणारे ते कडूपण. समोर होते ते त्याचेच बुटके भावंड. हातभर उंच, काटे नाहीत, पाने मेंदीसारखी बारीक आणि एकमेकांना खेटून बसलेली. आप्पांनी एक पान चुरगाळले, नाकाशी धरले, आणि मग माझ्या नाकाशी धरले. त्यांनी मला काही हुंगायला दिल्याचे त्यापूर्वीचे मला आठवत नाही.

नर्सरीतला माळी विदर्भाकडचा होता, संत्र्याच्या मुलखातला. तो लांबूनच म्हणाला, "बुटकं नारिंग हाय बाप्पा. वाढाले लय टाइम घेते, पण कुंडीत राह्यते. फकस्त याले ताण द्या लागते. ताण देल्ला का बहार आलाच समजा." एवढे सांगून तो गुलाब हवे असलेल्या कुठल्याशा बाईंकडे गेला, तो परत आलाच नाही.

मी आप्पांकडे पाहिले आणि चकित झालो. कुणीतरी त्यांना नावाने हाक मारावी तसा त्यांचा चेहरा उजळला होता. ताण. उभ्या सुताला ताण किती द्यायचा, यातच साचेवाल्याचे सगळे कौशल्य. कमी पडला तर सूत लोंबून गुंतते, जास्त झाला तर तुटते, आणि मधला तो नेमका ताण सांगता येत नाही, बोटांना कळतो. बोरीवलीला आल्यापासून त्यांच्या कानांवर सोसायटी, मेंटेनन्स, पार्किंग असे परके शब्द पडत आले होते. हा त्यांच्या मालकीचा पहिला शब्द. परतीच्या बसमध्ये कुंडी मांडीवर घेऊन ते स्वतःशीच हसत होते.

"ह्यो माका ताण शिकवतलो?" ते म्हणाले. "उभो जन्म ताण देण्यात गेलो माझो."

दुसऱ्या दिवशी मी कचेरीतून परतलो तेव्हा गॅलरीत एक अजब देखावा उभा होता. आप्पांनी भंगारवाल्याकडून सायकलच्या चाकाची रिम आणली होती आणि तिच्या मधोमध कुंडी बसवली होती. ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवलेल्या, गिरणीतून आणलेल्या सुताच्या कांड्या बाहेर निघाल्या होत्या. नारिंगाच्या प्रत्येक फांदीला मऊ चिंधीचा पट्टा, पट्ट्याला सूत, आणि ते सूत खाली ओढून रिमला बांधलेले. सरळ वर जाणाऱ्या फांद्या आता चहूबाजूंनी आडव्या पसरल्या होत्या. झाड उघडलेल्या छत्रीसारखे दिसत होते. आप्पा एकेका सुतावर बोट आपटून कान देत होते, जणू त्यातून काही ऐकू येत होते.

मला ते मुळीच चुकीचे वाटले नाही. मी पदवीधर होतो, पण ताण म्हणजे ओढ, हे मलाही तेवढेच स्वाभाविक वाटले. साचेवाल्याच्या घरात त्या शब्दाला दुसरा अर्थ असू शकतो, हे आमच्यापैकी कुणाच्या मनातही आले नाही.

खालच्या मजल्यावर हसुमतीबेन राहत. सोसायटीच्या जन्मापासूनच्या रहिवासी, जिभेला धार आणि मनात कसलेही किल्मिष नाही. त्यांनी कपडे वाळत घालताना वर पाहिले आणि विचारले, "आप्पाभाई, ए झाडाने काय चोरी केली? असा बांधून ठेवला?" आप्पांनी कठड्यावरून वाकून, त्या गिरणीतल्या आवाजात, त्यांना ताणाचे शास्त्र समजावून सांगितले. बहुतेक साऱ्या इमारतीने ते ऐकले. मी धास्तावून दारांकडे पाहत होतो. कुणी दार लावले नाही. उलट समोरच्या बिऱ्हाडातले गृहस्थ चष्मा पुसत झाड बघायला आले.

त्या दिवसापासून आमच्या घरात जे सुरू झाले त्याला मी उत्साह म्हणू की ताप म्हणू? सकाळी नळाला पाणी येई तेव्हा आधी पिंप भरायचे सोडून आप्पा गॅलरीत. ऊन जसे सरके तशी कुंडी रिमसकट सरके. आई तांदूळ धुतलेले पाणी झाडाला घाली, डाळ धुतलेले घाली, आणि ऊन फार झाले तर माठातलेही चोरून घाली. माती उकरून शेणखत घातले गेले. पानांखाली माव्याची कीड दिसली तेव्हा आप्पांनी साबणाच्या पाण्यात फडके बुडवून एकेक पान असे पुसले, जसे तान्ह्या मुलाचे कान पुसतात. कचेरीत माझ्या टेबलावर कागदांचा ढीग पडे, आणि मी मनात बोरीवलीच्या गॅलरीत उभा असे. फांद्यांच्या पेरांत आज काय दिसेल? संध्याकाळी जिना चढताना मी दोन-दोन पायऱ्या घेई. वरून आप्पा ओरडून सांगत, "नाय हां, अजून नाय." तरी मी धावतच जाई.

मध्येच अळ्यांनी हल्ला केला. लिंबाच्या जातीवर येते ती अळी, आधी पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि मग हिरवीगार होणारी. मी ती चिरडणार होतो. आप्पांनी हात धरला. पानासकट ती उचलून ते खाली गेले आणि मागच्या अंगणातल्या हसुमतीबेनच्या कढीपत्त्यावर नेऊन ठेवली. कढीपत्ताही तिला चालतो, हे त्यांना गावापासून ठाऊक. हे गुपचूप अनेकदा झाले असावे, कारण एके दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला, "आप्पाभाई, मी सगळा बघते हां. तुमची पोरं रोज माझ्याकडे जेवायला सोडता?"

"खाव दी हसुमतीबेन," आप्पा म्हणाले, "मोटी झाली काय फुलपाखरा होतली. तुमच्याच खिडकीत येतली."

त्यावर त्या काय म्हणाल्या ते ऐकू आले नाही, पण हसण्याचा आवाज आला. दोघांचा.

वैशाखात एकदा फांद्यांच्या पेरांत हिरवे टिपके दिसले. आईने शेजारपाजारी बातमी दिली. हसुमतीबेन दमल्या पायांनी जिना चढून आल्या. मी कचेरीतून निघताना पेढे घेतले. चार-सहा दिवसांत टिपके उलगडले. ती पाने होती. कोवळी, चकचकीत, अतिशय सुंदर पाने. पेढे आम्ही तरी खाल्ले, पालवीच्या नावाने. पण त्या संध्याकाळी आप्पांनी ट्रंक काढून पुसली, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः डेपोवर जाऊन मृगाच्या सुमारास निघणाऱ्या एसटीचे तिकीट काढून आणले. मला कळले. झाडाचा आणि त्यांच्या जाण्याचा संबंध त्यांनी कधी उच्चारला नव्हता, मीही नव्हता. पण दोघांच्या मनात तो होता. झाडाला बहार आला, तर या माणसाला इथे अजून काहीतरी येते असे सिद्ध होणार होते. नाही आला, तर शहराचे म्हणणे खरे.

मग मी राहवेना म्हणून एकटाच दिंडोशीला गेलो. माळ्याला शोधून काढले, सगळे सांगितले: रिम, सूत, चिंध्या. तो ऐकत गेला आणि त्याचे डोळे मोठे होत गेले.

"ताण म्हंजे पानी तोडाचं असते राजा," तो म्हणाला. "महिनाभर पानी बंद. पानं गळाले लागले, झाड मरते का काय वाटलं, का मंग भरपूर पानी. तवा बहार येते. दोऱ्यानं बांधाले कोनं सांगतलं?" आणि तो इतका हसला की त्याला झारी खाली ठेवावी लागली. त्याच्या हसण्यात वाईट काही नव्हते. मीही हसलो. पण बसमध्ये बसल्यावर हसू ओसरले. हे आप्पांना सांगायचे? ज्या एका शब्दावर ते पुन्हा उभे राहिले, तो त्यांचा नव्हताच, हे सांगायचे?

न सांगण्याच्या बाजूने मी स्वतःशी पुष्कळ युक्तिवाद केला. मृग जवळ आला होता, आता पाणी तोडून उपयोगही नव्हता. पण संपाच्या काळात या माणसाला प्रत्येकाने त्याच्या भल्यासाठी म्हणून काही ना काही खोटे सांगितले होते. उद्या सुटेल, परवा सुटेल. त्या रांगेत मला उभे राहायचे नव्हते. घरी आलो, हातपाय धुतले, गॅलरीत त्यांच्या शेजारी बसलो, आणि माझ्या नेहमीच्या पुटपुटत्या आवाजात सांगून टाकले.

आप्पांनी सुतांवरून नजर फिरवली.

"म्हंजे पाणी तोडूचा होता?"

"हो."

"पाना गळासर?"

"हो, आप्पा."

आई आतून बाहेर आली होती. तिच्या हातात तांदूळ धुतलेल्या पाण्याचे पातेले. ती पुढे यावे की मागे जावे अशी उभी. आप्पांनी तिच्याकडे पाहिले, पातेल्याकडे पाहिले, आणि शांतपणे म्हणाले, "संपात आमचा पाणी तोडून बगल्यानी मा? इलो बहार?"



"घाल तू," ते आईला म्हणाले. "ह्येचा पाणी मी तोडूचंय नाय."

आणि मग त्यांनी बोलायला सुरुवात केली. संपाबद्दल आप्पा घरात कधी बोलले नव्हते. त्या संध्याकाळी बोलले. थांबलेल्या साच्यावर धूळ बसते तेव्हा तिला कसला वास येतो. साचेखात्यात पहिल्यांदा शांतता झाली तेव्हा सगळे जण कसे कुजबुजू लागले. कोण गावी गेला, कोण भाजीची गाडी लावून बसला, कोण गेलाच. आई पातेले घेऊन तिथेच खाली बसली. मधून मधून ती एखादे नाव दुरुस्त करी. मी ऐकत होतो. मला दुःख व्हायला हवे होते, आणि होतही होते; पण त्याच्या खाली, लपवूनही न लपणारा, एक विलक्षण हर्ष दाटून येत होता. बंद पडलेले काहीतरी पुन्हा चालू झाल्याचा तो आवाज होता, आणि तो चांगला मोठा होता.

पुढे कधीतरी वाचनात आले की पेरूच्या फांद्या वाकवून बांधून बहार घेण्याची एक रीत आहे. सरळ वाढणारी फांदी पाने धरते आणि आडवी केलेली फुले धरते. नारिंगालाही ते लागू पडते की नाही, मला ठाऊक नाही. सुताने केले, की तांदळाच्या पाण्याने, की उन्हामागे फिरवलेल्या कुंडीने, हे मी सांगू शकत नाही. मी फक्त पाहिले ते सांगू शकतो. ज्येष्ठातल्या एका सकाळी आईने हाक मारली, "अवो, हय येवा. ह्या पान न्हय."

पान नव्हते. आडव्या झालेल्या फांद्यांच्या जवळजवळ प्रत्येक पेरात, बाजरीच्या दाण्याएवढी, पांढुरकी, गोल, घट्ट मिटलेली कळी होती. एक नव्हे, झुबके. आप्पा गुडघ्यांवर बसले. त्यांनी हात लावला नाही. हसुमतीबेन आल्या, समोरचे गृहस्थ आले, वरच्या मजल्यावरची माणसे आली, आणि गॅलरीत उभे राहायला जागा उरली नाही. त्या दिवशी मी कचेरीत उशिरा पोहोचलो, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला कारण खरे ते सांगितले. त्यातल्या दोघांनी माझी कीव केली असावी.

कळ्या उमलल्या तेव्हा ढग जमू लागले होते आणि हवा जड झाली होती. त्या जड हवेत तो वास जिन्यातून खाली उतरला. मोगऱ्यासारखा, पण मोगऱ्यात नसलेली एक कडवट धार त्याला होती, आणि त्या धारेमुळे तो वास गोडीला चिकटून न राहता सारखा नवा वाटे. लोक जिना चढताना मध्येच थांबत. सगळ्यांनी गृहीत धरले की आप्पा आता जात नाहीत. मीही धरले. तिकिटाचा विषय कुणी काढला नाही.

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी ट्रंक भरली.

"फुला इली, बरा झाला," ते म्हणाले. "आता माका जावक बरा वाटतला."

 त्यांचा चेहरा मी पाहत होतो, आणि ज्या चेहऱ्याची मला भीती होती तो हा नव्हताच. हा ताठ मानेने निघालेला माणूस होता. जे घडावे म्हणून मी चैत्रापासून जीव टाकला होता, ते पुरेपूर घडले होते. मग मला आनंद का होत नव्हता? रात्रभर मी स्वतःला तेच विचारत राहिलो, आणि उत्तर फारसे शोभेचे नव्हते. आप्पांसाठी म्हणून मी जे मागत होतो, त्यात माझ्यासाठी मागितलेले पुष्कळ होते. बाप मला आत्ता कुठे भेटू लागला होता. नाकाशी चुरगाळलेले पान धरणारा, अळीला कढीपत्त्यावर सोडून येणारा, मोठ्याने बोलणारा. तो मला आणखी हवा होता. एवढेच.

सकाळी मी रजा घेतली. बस अकराची, म्हणजे जेवणाआधीची होती. ट्रंक दाराशी, तिच्यावर छत्री. आप्पांनी मला गॅलरीत बोलावले आणि समोर बसवले. फुले गळतील, म्हणाले, मग फळ धरेल. फळ वाढेल तशी फांदी आपल्याच भाराने खाली जाईल. तेव्हा सूत तसेच ओढलेले राहिले तर फांदी मोडेल. म्हणून दर थोड्या दिवसांनी प्रत्येक सूत किंचित ढिले करायचे, सगळे नव्हे, बोट सांगेल तेवढेच. त्यासाठी गाठ सुरगाठच हवी, टोक ओढले की सुटणारी. निरगाठ बसली तर सुटायची नाही. "बघ," म्हणून त्यांनी एक सूत सोडले आणि एका हाताने, न पाहता, पुन्हा बांधले. माझ्या डोळ्यांना काही दिसलेच नाही.

मी बांधले. त्यांनी टोक ओढले. निरगाठ.

त्यांनी ती दातांनी सोडवली आणि सूत पुन्हा माझ्या हाती दिले. मी बांधले. निरगाठ. पुन्हा बांधले. फांदीवरची दोन फुले माझ्या धसमुसळेपणाने गळून रिममध्ये पडली. माझी बोटे खरोखरच चुकत होती, की मी त्यांना चुकू देत होतो? ते मला त्या क्षणी ठाऊक नव्हते, आणि इतक्या वर्षांत कितीही प्रामाणिकपणे विचारले तरी कळलेले नाही. एवढे खरे की मी मान वर करून त्यांच्याकडे पाहू शकलो नाही.

"तुका जमाचा नाय," शेवटी आप्पा म्हणाले. आवाजात राग नव्हता. एखाद्या नवशिक्याला बाजूला सरायला सांगावे तसे त्यांनी मला खांद्याने सरकवले, माझ्या हातातले सूत घेतले, आणि माझ्या सगळ्या गाठी एकेक करून सोडवत बसले. त्यात बराच वेळ गेला. समोरच्या डोंगरावर ढगाची सावली फिरत होती. खाली हसुमतीबेन कुणाला तरी मोठ्याने सांगत होत्या की आप्पाभाई आज चालले.

शेवटची गाठ बांधून झाल्यावर त्यांनी सुतावर बोट आपटले, कान दिला, आणि मागे न वळता स्वयंपाकघराकडे आवाज टाकला.

"दुपारचो माझो भात पण टाक गो."

आतून आईने, तितक्याच रोजच्या आवाजात, उत्तर दिले.

"घातलंय. सकाळीच."